नाना पेठेतला फ्लेमिंगो

काही दुकानांत धूळ साचते, आमच्याकडे किस्से साचतात. बरं, ते गोळा करायला कुठे जावं लागत नाही. काउंटरमागे स्टुलावर बसून राहायचं, गिऱ्हाइकं आपणहून घेऊन येतात! मी सांगायला लागले की मैत्रिणी हसून हसून डोळे पुसतात. मीही हसते. पण घरी जाऊन कणीक मळायला घेतली की मनात येतं, देवा, ह्या माणसांचं होणार काय?

मी साठेबाई. नाना पेठेत हमीदभाईंच्या दुकानात काउंटर सांभाळते. आमच्याकडे पाण्यात तरंगणाऱ्या, हवा भरायच्या वस्तू मिळतात. पोरांच्या ट्यूब, दंडाला लावायचे फुगे, मोठ्यांना पडून राहायच्या गाद्या, अख्खं कुटुंब बसेल अशी गोल बेटं. हमीदभाईंचे वडील ट्रकच्या ट्यूबचे पंक्चर काढायचे. विहिरीवर पोहायला जाणारी मुलं त्यांच्याकडून जुन्या ट्यूब मागून न्यायची, त्यातून हा धंदा उभा राहिला. आता ट्रकची ट्यूब कोणी विचारत नाही. आता सगळ्यांना फ्लेमिंगो हवा असतो. गुलाबी.

हमीदभाईंना एकच घोर आहे. आपल्याकडून वस्तू नेलेलं पोर पाण्यातून धड घरी यावं. बास, दुसरं काही मागणं नाही ह्या माणसाचं. म्हणून ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "हे खेळणं आहे बरं का. ह्याच्या भरवशावर पोराला सोडू नका." आणि खालच्या फळीवर त्यांनी फोमची जॅकेटं ठेवली आहेत. नारिंगी, जाड, पट्ट्याबिट्ट्यांची, दिसायला अगदीच भिकार. लहान मुलासाठी घ्यावी अशी दुकानात तीच एक वस्तू आहे, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही!

*

एक जोडपं आलं. नवरा-बायको दोघंही चांगल्या नोकरीतले, कडेवर वर्षाची मुलगी. वाढदिवस मुळशीकडे कुठल्याशा व्हिलात करायचा होता, तिथे पूल होता. बाईंना ट्यूब हवी होती, पण मुलीच्या फ्रॉकला मॅच होणारी. मी सगळा माल काढला. ही जरा डार्क वाटते, ही फोटोत फिकी येईल, हिच्यावरचा मासा रागावल्यासारखा दिसतो. साडीच्या दुकानातही इतक्या घड्या मोडत नाहीत हो!

शेवटी एक पसंत पडली. हमीदभाईंनी आपलं नेहमीचं सांगितलं आणि खालच्या फळीवरचं जॅकेट काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, "शी! ह्यात ती हमालासारखी दिसेल."

तेवढ्यात नवऱ्याला मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी दिसली. त्याने ती उलटून पाहिली, झिप दहा वेळा उघडमीट केली, आत कागद घालून नळाखाली धरून बघू का, म्हणून विचारलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान तपासून घ्यायची अक्कल आहे.

"दोन द्या," तो म्हणाला. "फोन पाण्यात पडला तर संपलंच!"

मी न राहवून विचारलं, "आणि मुलगी पडली तर?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अहो काकू, ती ट्यूबमध्ये असणार आहे ना!"

*

आमच्या दुकानात सोमवारी तक्रारी येतात. शनिवार-रविवारी लोक पाण्यात जातात, सोमवारी भांडायला येतात. दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला तक्रार आली की आठ्या पडतील. हमीदभाई सोमवारी सकाळी अत्तर लावून बसतात!

एक बाई तरातरा आल्या आणि फुसकी झालेली ट्यूब काउंटरवर आपटली. "दोन तासांत हवा गेली! काय माल विकता?"

हमीदभाई उभे राहिले. "मुलगा बरा आहे ना, ताई?"

"त्याला काय धाड भरलीय? घरी चिप्स खातोय! मी हवा गेली म्हणतेय!"

"अल्हमदुलिल्लाह!" हमीदभाई म्हणाले. अगदी मनापासून.

बाई अशा काही भडकल्या! "माझी ट्यूब फुटली आणि तुम्ही देवाचे आभार मानताय?"

हमीदभाईंनी त्यांना नवी ट्यूब दिली, वर पंपही दिला. बाई पंप घेऊन पुटपुटत गेल्या की ह्या दुकानातली माणसं डोक्यावर परिणाम झालेली आहेत. असतीलही. कारण जे सोमवारी भांडायला येत नाहीत त्यांची हमीदभाई मंगळवारपासून काळजी करायला लागतात. पेपर आला की आधी आतलं पान उघडतात. धरणावर, नदीवर, फार्महाउसवर कोण बुडालं ते वाचतात. गिऱ्हाइकांची नावं त्यांना कुठे माहीत असतात! तरी वाचतात. मी म्हटलं, "अहो, कशाला जीव जाळता?" तर म्हणतात, "साठेबाई, वय तर लिहिलेलं असतं."

*

आता जरा हलकं सांगते. आमची एक पद्धत आहे. कुठलीही वस्तू देण्याआधी हमीदभाई ती फुगवतात, शिवणी पाण्याच्या घमेल्यात बुडवतात आणि बुडबुडे येतात का बघतात. वडिलांकडून आलेली पंक्चरवाल्याची सवय. मग हवा काढायची, घडी घालायची आणि द्यायची.

सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ नातवंडांसाठी फ्लेमिंगो घ्यायला आले. मोठ्यातला मोठा. हमीदभाईंनी तो फुगवला, तपासला आणि हवा काढायला बूच उघडणार, तोच गृहस्थ ओरडले, "थांबा! भरलेली हवा वाया का घालवता? घरी परत फुंकायची म्हणजे आमचीच फुप्फुसं कामाला!"

"अहो साहेब, नेणार कसा?"

"स्कूटरवरून. आपण आपलं बघा."

मागे दोरीने बांधून गेले. पेठेतली पोरं लांबपर्यंत मागे पळत होती. दुपारी फोन आला, "तुमच्या पक्ष्यामुळे मला कुठेही उजवीकडे वळता आलं नाही! वारा नेईल तिकडे जावं लागलं. मी आत्ता येरवड्यात आहे!"

दुसऱ्या दिवशी स्वतःच हजर. फ्लेमिंगो गच्चीत उन्हात ठेवला होता, तो फाटकन फुटला. त्यांना पैसे परत हवे होते. हमीदभाई म्हणाले, "साहेब, उन्हात हवा फुगते. म्हणूनच आम्ही काढून देतो."

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तेच म्हणतोय मी. फुटलं कशामुळे? हवेमुळे. हवा कोणाची? तुमची!"

हमीदभाईंनी गल्ला उघडला. दिले परत.

*

लोणी काळभोरहून एक शेतकरी आले. शेततळं केलं होतं नवीन, प्लास्टिक अंथरलेलं. ते ऐकूनच हमीदभाईंचा चेहरा उतरला. शेततळ्याचं प्लास्टिक बुळबुळीत असतं, आत गेलेल्या पोराला काठावर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात एक तरी बातमी असतेच.

हमीदभाईंनी त्यांना बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. तो माणूस मध्ये एकदाही बोलला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बराबर हाय तुमचं. आमी बारकेपणी कमरंला भोपळा बांधून हिरीत शिकलो, पर हे तळं लई वंगाळ हाय. ती बदकं नगंत. ती नारिंगी जाकिटं द्या. चार."

चार! मला वाटलं हमीदभाई आता रडतात. त्यांनी पट्टे कसे बांधायचे ते स्वतः अंगात घालून दाखवलं. पोटावर बसेना, तरी दाखवलं. तो गेल्यावर आम्ही जिलबी आणून खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी तो परत आला. एकदम खुशीत. "अजून चार द्या. लई भारी चीज हाय!"

हमीदभाईंनी विचारलं, "पोरांना बसली ना नीट?"

"पोरांना?" तो म्हणाला. "मोटारीला बांधली न्हवं! पान्याची मोटार तळात गाळात रुतत हुती, आता अशी वर तरंगती, काय सांगू!"

"आणि पोरं?"

"पोरांचं काय, पवत्यात की!"

उरलेली जिलबी हमीदभाईंनी मांजराला घातली.

*

मोठ्यांचं तर विचारूच नका. मोठ्यांच्या गाद्यांवर किती किलो वजन झेपेल ते छापलेलं असतं, म्हणून वजन विचारावं लागतं. पुण्यात माणूस पगार सांगेल, वजन सांगणार नाही. एका बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याचं वजन पासष्ट सांगितलं. मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आमच्या दारातल्या पायरीकडे बघितलं. ती अजून हलत होती.

एकदा पाच-सहा आयटीतली मुलं-मुली आली. "काका, लाउंजवाला फ्लोट आहे? कप होल्डर मस्ट हं."

हमीदभाईंनी विचारलं, "पोहता येतं सगळ्यांना?"

"नाही हो, पण पोहायचंच नाहीये. चिल करायचंय. पूल डीप आहे ना, फोटो मस्त येतात."

"मग बेटा, वर पडल्यावर खाली काय आहे?"

त्यातली एक मुलगी मोबाईलमध्ये बघत होती. ती म्हणाली, "काका, चार पॉइंट सहा रेटिंग आहे ह्याचं. कोणीच बुडल्याचं लिहिलेलं नाहीये."

हमीदभाई हळूच म्हणाले, "बुडलेला कसा लिहील, बेटा?"

सगळी खो खो हसली. "काका भारी आहेत यार!" म्हणून त्यांच्याबरोबर सेल्फी काढला, आणि कप होल्डरवाले सहाही फ्लोट नेले. तो सोमवार आणि पुढचा आठवडा हमीदभाईंनी दाराकडे बघत काढला. आयटीतली मुलं तक्रार करायला दुकानात येत नाहीत, ती मोबाईलवर करतात, हे त्यांना कोण समजावणार!

*

धायरीच्या एका सोसायटीची कमिटी आली होती. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि एक सभासद, जे फक्त विरोध करायला आले असावेत. सोसायटीचा पूल नवा, त्यासाठी सामान घ्यायचं होतं. लहानांना, मोठ्यांना आणि ज्येष्ठांना चालेल असं एकच काहीतरी.

मी फ्लेमिंगो दाखवला. अध्यक्ष म्हणाले, "हा पक्षी आपल्याकडचा नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "भिगवणला येतो की."

"येतो. राहतो का?"

"त्या हिशेबाने तुमचे भाडेकरूही आपले नाहीत!" विरोधी सभासद म्हणाले.

झालं! तासभर माझ्या काउंटरवर सोसायटीची मीटिंग. बदक बालिश, मगर हिंस्र, डोनट मधुमेह्यांच्या भावना दुखावणारा. शेवटी हमीदभाई मध्ये पडले. म्हणाले, "साहेब, हे सगळं राहू द्या. काठावर टांगायची एक कडक रिंग न्या, दोरीसकट. कोणी गटांगळी खायला लागलं तर फेकायला." आणि काय आश्चर्य, तिघांचंही एकमत झालं! रिंग नेली. हमीदभाई आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते, "सोसायटीवाले समजूतदार असतात हो."

नंतर माझी मावसबहीण त्याच सोसायटीत राहायला गेली, तिच्या वास्तुशांतीला मी गेले. म्हटलं पूल बघू. पूल छान, निळाशार, मुलं नुसती धुमाकूळ घालत होती. भिंतीवर रिंगेचा हुक होता, रिंग नव्हती. वॉचमनला विचारलं.

"ती हाफिसात हाय. कुलपात. भायेर ठिवली तर चोरीला जाईल म्हनून."

"आणि किल्ली?"

"सेक्रेटरीसायबांकडं."

"मग बोलवा त्यांना."

"कसं बोलवू? ते लेकीकडं अमेरिकेला गेल्यात. दिवाळीला येत्याल."

मी हे हमीदभाईंना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

*

एकदा एका गृहस्थांनी हमीदभाईंचं सगळं भाषण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला स्वतःला येतं का पोहायला?"

"नाही साहेब."

"ह्या बाईंना?"

"मलाही नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही आम्हाला काय शिकवताय? ज्याला येतं त्याने बोलावं!" आणि पोराला घेऊन तरातरा गेले.

खरं आहे त्यांचं. पोहायला येत नाही म्हणूनच तर आम्हाला पाण्याची भीती वाटते. पण हे सुचेपर्यंत ते पार क्वार्टर गेटला पोचले असतील.

*

आता एक सांगते आणि थांबते.

ह्या मे महिन्यात, भर दुपारी, एक चाळिशीचा माणूस आला. एकटाच. हातात हेल्मेट, शर्ट घामाने भिजलेला. वर टांगलेल्या फ्लेमिंगोंकडे, बदकांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ खालच्या फळीपाशी उकिडवा बसला आणि जॅकेटं काढून बघायला लागला.

"मांडीखालून जाणारा पट्टा आहे का ह्याला?" त्याने विचारलं.

हमीदभाई जागेवरून उठले. "आहे साहेब, हा बघा."

"मूल उलटं झालं तर तोंड पाण्याच्या वर येतं?"

"येतं. ही मानेमागची फोमची उशी त्याच्याचसाठी आहे."

"बकल त्याला स्वतःला काढता येणार नाही ना? मुलं कंटाळली की काढून टाकतात."

त्याने प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. शिवण नखाने उचकटून पाहिली. हमीदभाईंचा चेहरा असा फुलला होता की बस! त्याला स्टूल दिलं, समोरच्या हॉटेलात हात करून तीन चहा सांगितले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा साठेबाई, बघा! आयुष्यात पहिलं गिऱ्हाईक!"

मग साइज काढायला त्यांनी विचारलं, "मुलगा केवढा आहे, साहेब?"

"मागच्या मे महिन्यात आठ."

"म्हणजे आता नऊ! मग एक साइज मोठं घ्या. पोरं काय, बघता बघता वाढतात."

"नको," तो म्हणाला. "आठचंच द्या."

हमीदभाईंनी आठचं काढलं. पिशवीत घालता घालता सवयीने सुरू केलं, "फक्त एक सांगतो साहेब, पोराला ह्याच्या भरवशावर..." आणि मध्येच थांबले. त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले. मला तर वर बघायचीच हिंमत होईना.

त्याने पैसे दिले. मी पिशवी पुढे केली, ती त्याने परत माझ्याकडे सरकवली.

"राहू दे इथेच. लहान मुलासाठी ट्यूब मागायला कोणी आलं की हे द्या. त्यांच्याकडून काही घेऊ नका."

चहा आला होता. तो त्याने घेतला नाही. दुकानातच हेल्मेट घातलं, काच खाली केली आणि गेला.

चहावर साय धरली. बऱ्याच वेळाने एक बाई आली, चांगली शिकलेली, बोटाला धरलेला मुलगा असेल सात-आठ वर्षांचा. पानशेतला निघाले होते, गाडी चालू ठेवून नवरा बाहेर थांबला होता. "ह्याला ट्यूब द्या पटकन."

हमीदभाईंनी ते जॅकेट दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे ठेवलं. "हे न्या ताई. ह्याचे काही द्यायचे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"दिलेत. एका साहेबांनी दिलेत. तुम्ही नुसतं न्या. ह्याला घाला." त्यांनी हात जोडले. "पाया पडतो तुमच्या, ताई, पण न्या."

बाईने जॅकेट उलटंसुलटं करून पाहिलं. वास घेतला. पट्टा ओढला. एकदा हमीदभाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन बोटांनी ते बाजूला सरकवलं.

"फुकट देताय म्हणजे काहीतरी खोट असणार. वरचं ते बदक काढा."